आधी भिंतीतली केबल ओळखा, ट्यूनर कार्ड मग घ्या

येताना टीव्ही ट्यूनर कार्ड, म्हणजे कॉम्प्युटरवर टीव्ही बघायचं आणि रेकॉर्ड करायचं कार्ड, बॅगेत टाकून आणू का, असं नव्याने परदेशी निघालेली मंडळी अजूनही विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे. आणू नका, आणि पोचल्यावर पहिल्याच आठवड्यात विकतही घेऊ नका. ज्या घरात राहणार आहात त्या घराच्या भिंतीतून केबलवाटे नक्की काय येतंय, ते आधी कळू द्या. कार्ड ही शेवटची खरेदी.

हे मी अनुभवाने सांगतो. २००४ साली अमेरिकेत आलो तेव्हा कपड्यांच्या घडीत गुंडाळून एक ट्यूनर कार्ड आणलं होतं. भारतात त्यावर केबल छान दिसायची. अमेरिकेत ते कॉम्प्युटरमध्ये बसवलं, केबल जोडली, सॉफ्टवेअरमध्ये तिथली प्रक्षेपणाची पद्धत, एनटीएससी, निवडली आणि चित्र आलंसुद्धा, रंगीत आणि बऱ्यापैकी स्वच्छ. आवाजाच्या जागी मात्र नुसती खरखर. दोन रात्री मी ड्रायव्हर काढत आणि घालत बसलो. दोष ड्रायव्हरचा नव्हताच. भारतातल्या पाल पद्धतीत आवाजाची लहर चित्राच्या लहरीपासून ५.५ मेगाहर्ट्झवर असते, अमेरिकेच्या एनटीएससीत ती ४.५ मेगाहर्ट्झवर. कार्डावरच्या पत्र्याच्या डबीत जो ट्यूनर असतो, तो ५.५ वरच कान लावून बसला होता. ती डबी बदलल्याशिवाय आवाज येणं शक्य नव्हतं.

तो ॲनालॉगचा काळ आता सरला. अँटेनावरचं ॲनालॉग प्रक्षेपण अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांनी १२ जून २००९ ला थांबवलं, ब्रिटनमध्ये ते २०१२ च्या ऑक्टोबरात संपलं, ऑस्ट्रेलियात २०१३ च्या डिसेंबरात. केबलवर ते आणखी काही वर्षं रेंगाळलं, इतकंच. त्यामुळे कुणी परत जाताना आपलं जुनं ॲनालॉग कार्ड फुकट देऊ केलं, तरी केबल बघायला ते कामाचं नाही. घरच्या लग्नामुंजीच्या व्हीएचएस कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवायच्या असतील तर जरूर ठेवून घ्या, त्यासाठी ती कार्डं आजही उत्तम आहेत.

पद्धती देशोदेशी वेगळ्या असण्याची अडचण डिजिटलमध्येही सुटली नाही. शिवाय एकाच देशात अँटेनाची पद्धत वेगळी आणि केबलची वेगळी. अमेरिका आणि कॅनडात अँटेनावर एटीएससी चालतं, केबलवर क्वाम. युरोपात अँटेनावर डीव्हीबी-टी किंवा टी-टू, केबलवर डीव्हीबी-सी आणि डिशवर डीव्हीबी-एस. भारतातली डिजिटल केबलही डीव्हीबी-सीच, म्हणून तिकडून युरोपात येणाऱ्याला वाटतं की आपलं कार्ड चालेल. चालू शकेलही, पण ते अमेरिकेत नेलंत तर तिथले चॅनल ६ मेगाहर्ट्झ रुंद आणि युरोपातले ८, संकेत बांधण्याची रीतही निराळी. कार्ड स्कॅन करत राहील आणि हाती शून्य चॅनल येतील. जपानचं तर तंत्रच स्वतंत्र आहे. तिथे आयएसडीबी पद्धत आणि सोबत बी-कॅस नावाचं छोटं कार्ड लागतं.

म्हणून खोक्यावरच्या ‘डिजिटल’, ‘एचडी’ अशा मोठ्या अक्षरांना भुलू नका. ती अक्षरं केबलबद्दल काहीच सांगत नाहीत. युरोपात असाल तर ‘सी’ हे अक्षर शोधा. नुसतं डीव्हीबी-टी-टू लिहिलेलं असेल तर ते अँटेनासाठी आहे. अमेरिकेत असाल तर एटीएससीच्या जोडीला क्वाम लिहिलेलं हवं. एकाच नावाखाली दोन वेगळी कार्डं विकली जातात हेही लक्षात ठेवा. हॉपॉजचं विनटीव्ही क्वाडएचडी हे चार ट्यूनरचं कार्ड अमेरिकेसाठी वेगळं आणि युरोपसाठी वेगळं येतं, नाव मात्र तेच. ऑनलाइन मागवताना मॉडेल नंबर अक्षर न् अक्षर जुळवून बघा.

पद्धत जुळली तरी खरा अडसर पुढे आहे, तो म्हणजे एनक्रिप्शन. केबल कंपनीने चॅनलला कुलूप लावलं असेल तर जगातलं सगळ्यात महागडं कार्डही तुम्हाला काळा पडदाच दाखवणार. अमेरिकेत कितीतरी वर्षं स्थानिक चॅनल केबलवर बिनकुलपाचे येत, त्याला क्लिअर क्वाम म्हणत. सेट-टॉप बॉक्स नको, भाडं नको, केबल थेट कार्डात. मी त्यावर चार-पाच वर्षं बातम्या आणि मुलांचे कार्यक्रम रेकॉर्ड केले. मग २०१२ च्या ऑक्टोबरात तिथल्या एफसीसीने, म्हणजे दळणवळण आयोगाने, पूर्ण डिजिटल झालेल्या केबल कंपन्यांना हे मूळ चॅनलही एनक्रिप्ट करायची मुभा दिली. पुढच्या वर्षी एका सकाळी मी कॉम्प्युटर लावला आणि एकही चॅनल उघडेना. सिग्नल भरपूर, चॅनलांची नावं यादीत तशीच आणि चित्राच्या जागी काळोख. आमच्या कंपनीने आधी एक पत्र पाठवलं होतं म्हणे, माझ्या हाती ते पडलं नाही. मुलं शाळेला जायच्या आधी जो कार्यक्रम बघत तो त्या दिवशी बुडाला. धाकटीचा रडवेला चेहरा मला अजून आठवतो.

त्यावर केबलकार्डचा एक तोडगा होता. कंपनीकडून पत्त्याएवढं एक कार्ड घ्यायचं आणि ते बसेल असा ट्यूनर विकत घ्यायचा. काही वर्षं लोकांनी ते मनापासून वापरलं. पण कॉपी करायला बंदी असलेले चॅनल बघायला विंडोजचं मीडिया सेंटर लागायचं आणि २०१५ साली आलेल्या विंडोज १० मधून तेच काढून टाकलं गेलं. २०२० च्या सप्टेंबरात केबलकार्ड पुरवण्याचं बंधनही कंपन्यांवरून उठलं. आज अमेरिकेत नव्याने आलेल्या माणसाने या खटपटीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. तिथे साधी अँटेना लावा आणि एटीएससी ट्यूनर घ्या. मोठ्या शहराजवळ राहत असाल तर स्थानिक चॅनल एचडीत, फुकट आणि बिनकुलपाचे मिळतात.

२०१५ मध्ये मी जर्मनीत आलो. इथलं चित्र बरंच बरं आहे. सार्वजनिक चॅनल केबलवर खुले येतात आणि डीव्हीबी-सी कार्डाने सरळ दिसतात. खासगी चॅनलांचं एचडी मात्र बहुतेक ठिकाणी कुलपात असतं. त्यासाठी कंपनी सीआय-प्लस नावाचा मोड्यूल देते, तो टीव्हीच्या मागच्या खाचेत बसतो. कॉम्प्युटरच्या कार्डांना त्याच्या जुन्या रूपाची, म्हणजे साध्या सीआयची खाच मिळते, सीआय-प्लसची सोय नसते, आणि दुकानदार हा फरक आपणहून सांगत नाही. तेव्हा कंपनीला फोन लावून एवढंच विचारा: तुमच्या बॉक्सशिवाय, साध्या टीव्हीला केबल लावली तर कोणते चॅनल दिसतात? कॉम्प्युटरचा विषयच काढू नका, समोरचा माणूस गोंधळतो. टीव्हीवर बॉक्स आणि मोड्यूलशिवाय जे दिसेल तेच कार्डावर दिसेल. शेजाऱ्याकडे टीव्ही असेल तर पाच मिनिटं त्याच्या घरी बसून खात्री करून घेणं सगळ्यात उत्तम.

अजून एक गोष्ट. भिंतीत सॉकेट आहे म्हणजे केबल चालू आहे असं नव्हे. जर्मनीत पूर्वी केबलचा खर्च घरभाड्याबरोबरच्या खर्चात सर्रास धरला जाई. १ जुलै २०२४ पासून घरमालकाला तो तसा वसूल करता येत नाही, भाडेकरूने स्वतः करार करायचा असतो. ब्रिटनमध्ये असाल तर थेट प्रक्षेपण कॉम्प्युटरवर बघायलाही टीव्ही लायसन्स लागतं. टीव्ही घेतलाच नाही, ही सबब तिथे चालत नाही.

एवढं कळलं की कार्डाची निवड सोपी होते. डेस्कटॉप असेल तर आत पीसीआय एक्सप्रेस स्लॉट रिकामा आहे का ते उघडून बघा. जुनं साधं पीसीआय कार्ड त्यात बसत नाही, सेकंडहँड घेणारे इथेच फसतात. लॅपटॉप असेल तर यूएसबी ट्यूनर. पण भाड्याच्या घरात राहणाऱ्या आणि दोन वर्षांत घर बदलणाऱ्या माणसाला मी नेटवर्क ट्यूनर घ्यायला सांगेन. केबलच्या सॉकेटापाशी ती डबी ठेवायची, राऊटरला जोडायची आणि घरातल्या कुठल्याही लॅपटॉपवर किंवा फोनवर बघायचं. एचडीहोमरन ही त्यातली प्रसिद्ध डबी, तिच्याही देशाप्रमाणे वेगळ्या आवृत्त्या असतात. जर्मनीत केबलवरून इंटरनेट घेतलं असेल तर आधी आपला राऊटर तपासा. फ्रिट्झबॉक्स ६४९० सारख्या राऊटरमध्ये डीव्हीबी-सी ट्यूनर आतच असतात. माझ्या एका सहकाऱ्याने यूएसबी ट्यूनर मागवला आणि महिन्याभराने त्याला कळलं की घरातल्या राऊटरमध्ये चार ट्यूनर पडून आहेत.

ट्यूनर किती हवेत? एक ट्यूनर एका वेळी एकच फ्रिक्वेन्सी धरतो, पण डिजिटल केबलच्या एका फ्रिक्वेन्सीवर अनेक चॅनल एकत्र येतात. युरोपात अशा एका गठ्ठ्यात सेकंदाला सुमारे ५० मेगाबिट मावतात, अमेरिकेत सुमारे ३८. चांगलं सॉफ्टवेअर त्या गठ्ठ्यातले दोन-तीन चॅनल एकदम रेकॉर्ड करतं. कुटुंबाला दोन ट्यूनर पुरतात, एकट्याला एक. कॉम्प्युटर फार ताकदवान लागत नाही, कारण आलेला प्रवाह जसाच्या तसा डिस्कवर लिहिला जातो. सेकंदाला १० मेगाबिटचा एचडी चॅनल तासाला साडेचार जीबी जागा घेतो, तेवढा हिशेब ठेवा. लिनक्स वापरत असाल तर कार्डावर कोणती चिप आहे आणि कर्नलमध्ये तिचा ड्रायव्हर आहे का, हे पैसे देण्याआधी बघा. सॉफ्टवेअरसाठी लिनक्सवर टीव्हीहेडएंड आणि विंडोजवर नेक्स्टपीव्हीआर, दोन्ही मी वर्षानुवर्षं वापरली आहेत.

सगळं बरोबर असूनही चित्राचे चौकोन तुटत असतील तर कार्डाला दोष देण्याआधी तारेकडे बघा. ॲनालॉगमध्ये सिग्नल कमी झाला की मुंग्या यायच्या, तरी माणूस बघत राहायचा. डिजिटलमध्ये एका मर्यादेपर्यंत चित्र निर्दोष असतं आणि तिच्याखाली काहीच नसतं. आमच्या इथल्या पहिल्या घरात सिग्नलचा दर्जा २७ डेसिबलच्या आसपास घुटमळत होता. डीव्हीबी-सीतही संकेत क्वाम रीतीनेच बांधतात, आणि त्यातल्या २५६-क्वामला निदान ३० च्या वर हवा. कपाट सरकवलं तर मागे धुळीने माखलेला आठ तोंडांचा स्प्लिटर, म्हणजे एका तारेचा सिग्नल आठ ठिकाणी वाटणारी डबी, आधीच्या कुणी भाडेकरूने लावलेला. आठपैकी सात तोंडं रिकामी. असा स्प्लिटर प्रत्येक तोंडावर ११ डेसिबलच्या आसपास खातो. तो काढून तार सरळ जोडली आणि आकडा ३६ वर गेला. तारेचं टोकही निरखून बघा. मधली तांब्याची तार सरळ आणि चकचकीत हवी, बाहेरच्या जाळीचा एकही केस तिला चिकटता कामा नये. अमेरिकेत ही जोडणी आटे असलेल्या एफ कनेक्टरची असते, युरोपात बहुधा दाबून बसवायची. आपल्या कार्डाला कोणती लागते ते बघून एखादा ॲडॉप्टर आणून ठेवा.

इंटरनेटवर सगळं मिळत असताना एवढी यातायात कशाला, असं तुम्ही म्हणाल. माझ्यापुरतं कारण भाषा आहे. जर्मन शिकायला लागलो तेव्हा दास एर्स्टे या सार्वजनिक चॅनलवरची रात्री आठची पंधरा मिनिटांची बातमी मी रोज रेकॉर्ड करायचो. टेलिटेक्स्टच्या, म्हणजे चॅनलसोबत येणाऱ्या मजकुराच्या पानांपैकी, १५० नंबरच्या पानावर कर्णबधिरांसाठी सबटायटल येतात, कार्डाच्या रेकॉर्डिंगमध्ये तीही सोबत उतरतात. एक वाक्य ऐकायचं, थांबवायचं, वाचायचं, मागे न्यायचं. पहिल्या महिन्यात पंधरा मिनिटांच्या बातमीला मला सव्वा तास लागे. हवामानाचा भाग आधी समजू लागला, कारण त्यातले शब्द रोज तेच असतात. तुम्हीही तिथूनच सुरुवात करा.