वर्दी मिळाली म्हणजे नागरिकत्व मिळालं असं नाही

ग्रीन कार्डावर अमेरिकन आर्मीत जायचं ठरवलेल्यांसाठी लिहितोय. भरतीची परीक्षा, मेडिकल वगैरे तुम्ही वाचलेलंच असेल, ते सोडतो. एच-वन-बीवर, म्हणजे नोकरीच्या व्हिसावर असाल तर नाद सोडा. व्हिसावाल्यांना घेणाऱ्या 'मॅव्हनी' योजनेची भरती २०१६ मध्येच थांबली.

भरती करणारा सार्जंट म्हणतो, "सिटिझनशिप होऊन जाईल." माणूस वाईट नसतो, पण त्याची जबाबदारी तुम्हाला बसमध्ये बसवेपर्यंतच. पुढे सगळं अडतं ते एन-४२६ या फॉर्मवर. तुमची सेवा सन्माननीय आहे, असं लष्कराने त्यात लिहून द्यायचं असतं. तो एन-४०० या नागरिकत्वाच्या अर्जासोबत जावा लागतो. ट्रेनिंगमध्ये माझा फॉर्म टेबलाटेबलावर फिरला. जो तो म्हणे, "पुढच्या युनिटमध्ये करून देतील." पुढच्या युनिटने विचारलं, "मागे का नाही केलंत?" सरळ एस-वनच्या, म्हणजे कागदपत्रांच्या ऑफिसात जा. सही करणाऱ्याला तो अधिकार आहे का, विचारा, लाजू नका. नाव, हुद्दा, तारीख तिथेच उभं राहून वाचा, एकही रकाना रिकामा नको. झेरॉक्स काढा आणि अर्ज लगेच पाठवा, बॅगेत ठेवून फिरू नका.

'आधी इतके दिवस सेवा करा, मग अर्ज' म्हणणाऱ्या व्हॉट्सअॅपवरच्या 'दादां'चं ऐकू नका. त्यांचा काळ वेगळा होता. ११ सप्टेंबर २००१ पासूनचा काळ कायद्याने युद्धकाळ धरलाय, म्हणून एरवीची वर्षभर सेवेची अट लागत नाही. फीही नाही. तरी २०१७ मध्ये संरक्षण खात्याने आधी १८० दिवस सेवा, मगच सही, असं काढलं. २०२० मध्ये कोर्टाने ते रद्द केलं.

घाबरू मात्र नका. कागद नीट असला की काम होतं. आमच्या शपथविधीला नायजेरियाचा, फिलिपिन्सचा आणि मी साताऱ्याचा, एका रांगेत उभे होतो. सगळ्यात जोरात टाळ्या वाजवल्या त्या रोज आमच्यावर खेकसणाऱ्या ड्रिल सार्जंटने. हा मान आपल्याआधीच्यांना सहज मिळाला नव्हता. अमेरिकन आर्मीतले भारतीय शीख भगतसिंग थिंद यांना १९१८ मध्ये वर्दीत असताना नागरिकत्व मिळालं आणि काही दिवसांतच काढून घेतलं गेलं. १९२३ मध्ये सुप्रीम कोर्टानेही ते गोरे नाहीत म्हणून नाकारलं. शेवटी मिळालं ते १९३६ मध्ये.

झटपट पासपोर्टसाठी येणाऱ्यांनी येऊच नये, हे माझं मत. सेवेची पाच वर्षं भरण्याआधी गैरवर्तनाचा डिस्चार्ज मिळाला, तर नागरिकत्व परत जाऊ शकतं.

आणि घरी हे भरतीआधीच सांगा: शपथ घेतली की भारताचं नागरिकत्व संपतं, आणि परदेशी सैन्यात असलेल्याला किंवा तिथून निवृत्त झालेल्याला ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना व्हिसाशिवाय भारतात येऊ देणारं) मिळत नाही. गावच्या जत्रेला यायचं तरी दर वेळी व्हिसा. माझ्या आईला हे अजून पटलेलं नाही.