लेझी आय: आधी चष्मा, मग पट्टी, आणि मोठ्यांनी काय करायचं

लेझी आयमध्ये बऱ्याचदा डोळा ठणठणीत असतो, पण मेंदूने त्याच्याकडून येणारं चित्र बघणंच सोडून दिलेलं असतं, कारण दोन डोळ्यांच्या नंबरात बराच फरक असतो किंवा एक डोळा तिरळा असतो. (जन्मतः मोतीबिंदू असेल किंवा पापणी डोळ्यावर आलेली असेल तर आधी त्याचंच बघावं लागतं, त्यात उशीर करू नका.) मूल तक्रार करत नाही कारण चांगल्या डोळ्यावर त्याचं सगळं भागतं. टीव्ही बघताना त्याचा एकेक डोळा झाकून बघा, एक झाकला की गप्प आणि दुसरा झाकला की तुमचा हात ढकलतोय, तर सरळ डॉक्टरांकडे जा. तसं नाही झालं तरी तपासणी टाळू नका.

पहिला चष्मा. नंबर थेंब घालूनच काढायचा, आणि चष्मा उठल्यापासून झोपेपर्यंत. सगळ्यांना पट्टीची घाई असते पण नुसत्या चष्म्याने 3-4 महिन्यांत नजर बरीच सुधारते, काही मुलांना पट्टी लागतच नाही.

लागली तर ती चांगल्या डोळ्यावर, आणि चिकटपट्टीवाली थेट कातडीवर, चष्म्यावर लावली की पोरं बाजूने बरोबर डोकावतात. मध्यम लेझी आय असेल तर रोज 2 तास साधारण पुरतात, जास्त असेल तर 6, तास डॉक्टरच ठरवणार. त्या वेळात रंगवणं, मणी ओवणं असं काहीतरी द्या. सुरुवातीला मूल खरंच धडपडतं, रडतं, कारण त्याला कमी दिसत असतं, तेव्हा ओरडू नका प्लीज, जवळ बसा. अजिबातच लावू देत नसेल तर अ‍ॅट्रोपिनचे थेंब विचारा, चांगल्या डोळ्यात घालतात, त्याने तो तात्पुरता धूसर होतो, मध्यम केसमध्ये पट्टीइतकाच फायदा होतो. उन्हाचा त्रास होतो, टोपी घाला, आणि बाटली मुलांच्या हाती लागू देऊ नका, पोटात गेलं तर विषारी आहे.

नजर सुधारली म्हणून आपल्या मनाने बंद करू नका, पहिल्या वर्षात साधारण चारातल्या एका मुलाची परत घसरते.

7 वर्षांनंतर उपयोग नाही हे ऐकून गप्प बसू नका, 7 ते 12 मध्ये बऱ्याच मुलांना फायदा होतो, 13 ते 17 मध्येही आधी उपचार झालेले नसतील तर होऊ शकतो. मोठ्यांमध्ये मात्र खात्री कमी. योग्य नंबरचा चष्मा घाला, व्यायामाचे महागडे कोर्स घेण्याआधी डोळ्यांच्या डॉक्टरांना विचारा, स्वतःच्या मनाने पट्टी लावू नका कारण दोन दोन दिसायला लागू शकतं. आणि चांगला डोळा जपा, नंबर नसला तरी पॉलिकार्बोनेटच्या, म्हणजे सहज न फुटणाऱ्या काचांचा चष्मा रोज वापरा.