मेटाबोलोमिक्सवर नर्सिंग संशोधन करताय? या चुका टाळा

केमोनंतरचा थकवा, ऑपरेशननंतरच्या वेदना, उडालेली झोप ही लक्षणं नर्सइतकी जवळून कुणी पाहत नाही. म्हणूनच रक्तातले शेकडो छोटे रेणू एकदम मोजणारं मेटाबोलोमिक्स नर्सिंगच्या संशोधनातही आलं आहे. निकाल विचित्र आला की खापर मशीनवर फुटतं, पण आधी वॉर्डात डोकवा.

सगळ्यात महागात पडतं ते नमुना ट्रेमध्ये पडून राहणं. बल्बमध्येही (रक्त घेण्याच्या नळीतही) तांबड्या पेशी ग्लुकोज खातच असतात आणि लॅक्टेट सोडत असतात. खोलीच्या तापमानाला ग्लुकोज तासाला साधारण 5 ते 7 टक्के घटतं. आता रुग्णांचं रक्त वॉर्डातून दोन तासांनी लॅबला पोचलं आणि निरोगी गटाचं लॅबच्या शेजारीच काढलं, तर दोन गटांत दिसणारा फरक आजाराचा की वॉर्डबॉयच्या फेरीचा? रक्त काढल्याची आणि सेंट्रीफ्यूज केल्याची (यंत्रात गरगर फिरवून पेशी वेगळ्या केल्याची) वेळ प्रत्येक नमुन्यासमोर लिहा. नंतर आठवून लिहिलेल्या वेळेला काडीची किंमत नाही.

जांभळ्या झाकणाचे बल्ब संपले म्हणून अर्ध्यावर प्लेन बल्ब वापरू नका. जांभळ्यातून प्लाझ्मा (न गोठलेल्या रक्तातला द्रव) मिळतो, प्लेनमधून सीरम (रक्त गोठल्यावर उरणारा द्रव), आणि या दोन्हींची तुलना होत नाही. उणे 80 अंशांवर ठेवायचा नमुना आधीच छोट्या छोट्या नळ्यांत विभागा, म्हणजे तो पुन्हा पुन्हा वितळवावा लागणार नाही.

‘उपाशी आहात का?’ एवढंच विचारून भागत नाही. चहा पिऊनही आपला माणूस ‘सकाळपासून पोटात काही नाही’ म्हणतो. चहा, तंबाखू, रात्रीची पॅरासिटामॉल हे सगळं नाव घेऊन विचारा. पॅरासिटामॉलचे अंश लघवीत ठळक दिसतात आणि वेदनेचं चिन्ह सापडल्याचा भास होतो.

आणि थकव्याचा स्कोअर दुपारी, रक्त मात्र पहाटे सहाला? कॉर्टिसॉल हे ताणाचं संप्रेरक सकाळी चढतं, संध्याकाळी उतरतं. दोन्ही एकाच बैठकीत घ्या. नर्सच्या हातात असलेली ही खरी जमेची बाजू आहे आणि नेमकी तीच वाया जाते.

लॅबला सांगून रुग्ण आणि निरोगी गटाचे नमुने मशीनवर सरमिसळ क्रमाने लावा. एक गट सोमवारी, दुसरा शुक्रवारी नको. 500 रेणू 0.05 च्या निकषावर (म्हणजे निव्वळ योगायोगाने फरक दिसण्याची 5 टक्के शक्यता धरून) तपासले, तर प्रत्यक्षात काहीच फरक नसतानाही सुमारे 25 ‘महत्त्वाचे’ निघतील. संख्याशास्त्रज्ञाला गाठायचं ते नमुने गोळा करण्याआधी.