ऑनलाइन घेतलेला जुना पार्कर शाईचा पेन चालत नाहीये? पक्कड खाली ठेवा आधी

पेन घरी आला, शाई भरली, लिहीत नाही, की आपल्या डोक्यात पहिलं काय येतं तर उघडून बघू. इथेच घोळ होतो. पेन बहुतेक वेळा बिघडलेला नसतो हो, तुंबलेला असतो, कोणाच्या तरी आजोबांनी शाई भरून कपाटात टाकला आणि ती आतच वाळली. साधं गार पाणी ओढा, सोडा, परत ओढा, रात्री निब पाण्यात बुडवून ठेवा, सकाळी निळं पाणी दिसलं की समजा काम चालू आहे, आठवडा लागला तरी लागू दे. इंदूरात बोरिंगचं पाणी नका वापरू, क्षार जमतात, आरओचं घ्या.

मी दोन दिवसांत कंटाळलो आणि निबवरच्या हूडला, म्हणजे निब झाकणाऱ्या पुढच्या भागाला, पक्कड लावली. पार्कर 51 या मॉडेलचं हूड लाखेने बसवलेलं असतं, हलकी ऊब देऊन लाख मऊ झाली की हातानेच फिरतं. माझं कट्‌कन तडकलं. मग कळलं की विकणाऱ्याने 51 म्हणून दिलेला तो पार्कर 21 होता, 51 चं हूड अ‍ॅक्रिलिकचं असतं आणि 21 चं पॉलिस्टायरीनचं, ठिसूळ, भेगा पडणारं.

म्हणून घ्यायच्या आधीच दांडी (मागचा भाग) काढून आतला फोटो मागा. 1948 नंतरच्या 51 मध्ये पट्टी दाबायची धातूची नळी असते आणि तिच्यावर पेनचं नाव आणि शाई भरायची रीत कोरलेली असते. दिसायला तसाच चिनी हीरो 616 पण लोक 51 म्हणून खपवतात. 1941 ते 48 चा 51, व्हॅक्युमॅटिक म्हणजे पडद्याने शाई ओढणारा असेल तर आतला रबरी पडदा बहुतेक गेलेला असतो, तो बदलायचा खर्च धरूनच बोली लावा, कारण त्याला वेगळं हत्यार लागतं, यूट्यूब बघून जमत नाही (मला तरी नाही जमलं).

आणि 1948 नंतरच्या 51 मधली, पट्टीने दाबायची शाईची पारदर्शक पिशवी काळी दिसली म्हणून बदलू नका. ती पीव्हीसीची असते, पन्नास-साठ वर्षं सहज टिकते. निब पाण्यात धरून पट्टी दाबा, निबमधून बुडबुडे येतात ना, मग पिशवी ठीक आहे. रबराची पिशवी असेल तर ती बदलावीच लागते, पण चिकटवायला लाखच, फेविक्विक नाही, पुढच्या वेळी सुटायला नको का?

स्पिरिट, सॅनिटायझर अजिबात नको, सेल्युलॉइड आणि अ‍ॅक्रिलिक खातं ते. गरम पाणी एबोनाइटला (कडक रबराच्या पेनाला) नको, काळा पेन तपकिरी होतो.

टोपणाचं सांगायचं राहिलं. गोल्ड फिल्ड म्हणजे पितळेवर सोन्याचा पातळ थर. मी हौसेने सराफ्यात एका दुकानात पॉलिशला दिलं, त्यांनी मशीनवर इतकं चमकवलं की क्लिपजवळ पितळच दिसायला लागलं. आता मऊ कापडाने पुसतो फक्त. 21 चं हूड जास्तीचं असेल कोणाकडे तर सांगा, बाकी पेन ठणठणीत आहे.