जुन्या रॅप एलपीची खरखर काढताना

ओरिजिनल कॉन्सेप्ट या लाँग आयलंडच्या गटाची एकच एलपी आली, १९८८ साली, डेफ जॅम या रेकॉर्ड कंपनीकडून: 'स्ट्रेट फ्रॉम द बेसमेंट ऑफ कूली हाय!' (यातला डॉक्टर ड्रे म्हणजे कॉम्प्टनचा प्रसिद्ध रॅपर डॉ. ड्रे नव्हे, हा पुढे 'यो! एमटीव्ही रॅप्स' या टीव्ही कार्यक्रमात झळकला.) असली रेकॉर्ड संगणकावर उतरवताना धुळीपेक्षा जास्त नुकसान साफसफाईच्या हौसेने होतं.

रेकॉर्ड कार्बन फायबर ब्रशने झाडा. मळ असेल तर डिस्टिल्ड वॉटरने, खाचांच्या दिशेने पुसा; लेबल कोरडं ठेवा. सुईचा भार कार्ट्रिजच्या (सुई बसवलेल्या भागाच्या) माहितीपत्रकात दिलाय तेवढाच. सुई उडते म्हणून वर नाणं ठेवू नका, खाच झिजते.

फोनो प्रीअँप (सुईकडून येणारा क्षीण आवाज वाढवून त्याचा तोल साधणारा भाग) एकदाच लागतो. टर्नटेबलमध्ये तो असताना वायर पुन्हा फोनो सॉकेटमध्ये घातली तर बास फुगून आवाज फाटतो. कुठेच नसेल तर सगळं पत्र्यासारखं वाजतं. रेकॉर्डिंग २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ. सर्वात दणदणीत जागा आधी वाजवून पातळी उणे ६ डेसिबलपर्यंत ठेवा.

आता खरखर. ३३⅓च्या वेगाने तबकडीचा एक फेरा १.८ सेकंदांचा, म्हणून आडव्या ओरखड्याचा 'टक्' दर १.८ सेकंदांनी येतो. पण सॅम्पल, म्हणजे गाण्यात वापरलेला दुसऱ्या गाण्याचा तुकडा, ज्या जुन्या रेकॉर्डवरून उचललं तिची खरखरही गाण्यात असते, आणि ती लूपबरोबर (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या त्या तुकड्याबरोबर) फिरते. मिनिटाला १०० ठोके असतील तर एक बार (चार ठोके) २.४ सेकंदांचा, 'टक्' दर २.४ किंवा ४.८ सेकंदांनी, त्याच किकला (बास ड्रमच्या ठोक्याला) चिकटून येत असेल तर तो गाण्याचाच. त्याला हात लावू नका. १३३ ठोक्यांच्या आसपास मात्र फसगत होते, कारण तिथे बारही १.८ सेकंदांचाच. अशा वेळी दोन-तीन मिनिटं ऐका: ओरखडा ठोक्यापासून हळूहळू सरकतो, सॅम्पलचा 'टक्' सरकत नाही.

अख्ख्या बाजूवर डीक्लिक (टक्-टक् आपोआप काढणारी सोय) चालवलं की हाय-हॅट (ड्रमसेटची झांज) बोथट होते आणि डीजेच्या स्क्रॅचची (तबकडी मागेपुढे घासून काढलेल्या आवाजाची) धार जाते. डीजेने फेडर (आवाजाची सरकती कळ) झटकन उघडल्याचा आवाजही प्रोग्रामला क्लिकच वाटतो. त्यापेक्षा वेव्हफॉर्म मोठा करा, सुईसारखा उभा टोकदार भाग तेवढाच निवडा आणि ऑडॅसिटी या ध्वनिसंपादन प्रोग्रामचं 'रिपेअर' वापरा. ते १२८ सॅम्पलपर्यंतच चालतं (इथे सॅम्पल म्हणजे डिजिटल ध्वनीचा एकेक बिंदू). न छेडलेली मूळ प्रत त्याआधीच फ्लॅकमध्ये (दर्जा न घटवणाऱ्या फाइल प्रकारात) वेगळी ठेवा.