किब्ला सावलीवरून कसा काढावा: फिक्ह आणि गणिताची जोड

किब्ला म्हणजे नमाजात तोंड करायची दिशा, मक्केतल्या काब्याकडची. मुंबईतून काबा पश्चिमेला, असे सरसकट सांगितले जाते. खरी दिशा पश्चिमेच्या साधारण १०° उत्तरेला आहे. सपाट नकाशावर रेघ ओढली तर जेमतेम ४° येतात, कारण पृथ्वीची गोलाई त्यात धरलेली नसते.

आधी फिक्हचा, म्हणजे इस्लामी धर्मनियमांच्या शास्त्राचा, प्रश्न सोडवा: अचूकता किती हवी? फिक्हच्या दोन परंपरांपैकी हनफी मतानुसार दूरच्या माणसाने काब्याच्या बाजूला तोंड केले तरी पुरते. शाफिईंचे प्रबळ मत नेमक्या काब्याचा आग्रह धरते. गणित हे ठरवू शकत नाही, पण कोन मात्र तेच देते. गणिती अल-बिरूनीने १०२५ मध्ये पूर्ण केलेल्या ‘तहदीद’ या ग्रंथात गझनी शहराच्या किब्ल्यासाठी आधी अक्षांश-रेखांश पक्के केले, मग गोलावरचे त्रिकोण सोडवले. धर्मपंडित गझालींनी तर हिशेब आणि वैद्यक यांना फर्ज-ए-किफाया, म्हणजे काहींनी पार पाडले तरी पुरे असे सामूहिक कर्तव्य, म्हटले. गावात कोणीच ते शिकले नाही, तर दोष सगळ्यांचा.

सावलीची रीत खगोलशास्त्रज्ञ नसीरुद्दीन तूसींनी तेराव्या शतकात नोंदवली. वर्षातून दोनदा सूर्य मक्केच्या बरोबर डोक्यावर येतो; त्या क्षणी सूर्याची दिशा हीच काब्याची दिशा. रेखांशातल्या दर १५° ला एक तास. मुंबईचा फरक ३३°, म्हणजे मक्केत मध्यान्ह असताना मुंबईतल्या मध्यान्हानंतर २ तास १२ मिनिटे उलटलेली असतात. घड्याळात ती वेळ २८ मे, दुपारी २:४८ आणि १६ जुलै, दुपारी २:५७. जुलैत आभाळ भरलेले असते, मे महिनाच धरा.

सपाट फरशीवर १ मीटरची सरळ काठी उभी करा आणि ओळंब्याने दोन्ही बाजूंनी तपासा. सावली साधारण ६० सेंटिमीटर पडेल. तिच्या टोकाकडून काठीच्या बुडाकडे ओढलेली रेघ म्हणजे किब्ला. उलट वाचू नका. घाईत हीच चूक होते.

वेळ पाच मिनिटे चुकली तरी मुंबईत कोन जवळपास हलत नाही. एखादा दिवस मागेपुढे झाला तरी फरक अर्ध्या अंशाच्या आत राहतो. काठी मात्र सावलीच्या आडव्या दिशेने १° कलली तर रेघ दीड अंशाहून जास्त सरकते. म्हणून सगळे लक्ष ओळंब्यावर द्या.

जुन्या मशिदीची भिंत चार-पाच अंशांनी वेगळी निघाली, तर काय करायचे हा पुन्हा फिक्हचा प्रश्न आहे. मोजमाप लिहून घ्या आणि ते घेऊन जाणत्या मुफ्तींकडे जा.