नेदरलँड्स की जर्मनी : खर्चाचा हिशेब कसा मांडावा

नेदरलँड्समधील आइंडहोव्हनला सहा वर्षे काढून आम्ही जर्मनीतील डसेलडॉर्फला आलो, तेव्हापासून दोन्हीकडून नोकरी चालून आलेली मराठी कुटुंबे आम्हाला एकच प्रश्न विचारतात, की स्वस्त कुठे पडेल. दूध, तांदूळ आणि कांद्यांच्या भावांवरून हा निर्णय कृपया घेऊ नका, कारण त्यात फारसा फरक नाही. घरात कमावते किती आणि मुले किती, यावरच सारे गणित अवलंबून असते.

जर्मनीत पतिपत्नीचे उत्पन्न एकत्र धरून कर आकारता येतो, त्यामुळे एकाच्या पगारावर चालणाऱ्या घराच्या हाती तेथे तुलनेने बरे पैसे उरतात. शिवाय सरकारी आरोग्यविम्यात न कमावणारा जोडीदार आणि मुले वेगळ्या हप्त्याशिवाय सामावली जातात. नेदरलँड्समध्ये कर प्रत्येकाचा स्वतंत्र, आणि अठरा वर्षांवरील प्रत्येकाला स्वतःचा विमा घ्यावा लागतो. तो चार महिन्यांच्या आत घेतला नाही, तर दंडाची पाळी येऊ शकते. त्याखेरीज वर्षाला उपचारांचे पहिले ३८५ युरो आपल्या खिशातून जातात, मात्र कुटुंबाच्या डॉक्टरकडे जाण्याला ही अट लागू नाही.

नेदरलँड्सची मोठी जमेची बाजू म्हणजे परदेशातून भरती झालेल्यांना मिळणारी ‘तीस टक्के’ करसवलत. पगाराची अट पूर्ण होत असेल, तर पगाराचा तेवढा भाग पाच वर्षांपर्यंत करमुक्त राहू शकतो. २०२७ पासून हे प्रमाण २७ टक्के होणार आहे. येथे एक गोष्ट अगदी कळकळीने सांगतो. नोकरी लागण्यापूर्वीच्या २४ महिन्यांपैकी १६ महिन्यांहून अधिक काळ तुम्ही डच सरहद्दीपासून १५० किलोमीटरच्या पलीकडे राहिलेले असावे लागते. डसेलडॉर्फ किंवा कोलोन या १५० किलोमीटरच्या आतच येत असल्याने, ‘आधी जर्मनीत दोन वर्षे काढू, मग तिकडे जाऊ’ असा बेत करणाऱ्यांच्या हातून ही सवलत निसटते.

घरभाड्याची जाहिरात वाचताना जर्मनीत ‘काल्टमीटे’ म्हणजे नुसते भाडे आणि ‘वार्ममीटे’ म्हणजे हीटिंग व इतर सामाईक खर्च धरून होणारी रक्कम, हे पक्के लक्षात ठेवा. विजेचे बिल बहुधा त्यातही नसते. अनामत रक्कम तेथे नुसत्या भाड्याच्या तीन महिन्यांपर्यंत घेता येते, तर नेदरलँड्समध्ये जुलै २०२३ नंतरच्या करारांत दोनच महिन्यांपर्यंत. डसेलडॉर्फच्या घराची किल्ली मिळाली, तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीतून पाण्याचे दोन नळ आणि शेगडीसाठीची वायर एवढेच बाहेर आलेले होते. ओटा, सिंक, कपाटे सारे आम्हालाच आणावे लागले. आइंडहोव्हनच्या पहिल्या घरात स्वयंपाकघर होते, पण जमिनीवर फरशी नव्हती, नुसते सिमेंट होते. म्हणून पाहायला जाल तेव्हा काय काय मागे राहणार आहे, ते लेखी घ्या.

पाळणाघराचा खर्च नेदरलँड्समध्ये ताशी दराने लागतो आणि सरकारी अनुदान साधारणपणे आईवडील दोघेही नोकरी करत असतील तरच मिळते. मूल चार वर्षांचे झाले, की शाळा सुरू होते. जर्मनीत आमच्या नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालेन राज्यात शाळेपूर्वीची शेवटची दोन वर्षे बालवाडीला शुल्क नाही, आणि बर्लिनमध्ये त्याहूनही लहान मुलांना ही सोय आहे. ज्यांचे मूल दीड-दोन वर्षांचे आहे, त्यांनी पगाराच्या आकड्याआधी हे दर विचारून घ्यावेत.